कोपीतली जागा

बोलण्यात कहकशांचा हात धरणारं नांदेडच्या त्या अभ्यास मंडळात कुणी नव्हतं. उगाच स्तुती करत नाही, ऐकलेल्यांना विचारा. पोरगी मूळची लातूरची. गंजगोलाईच्या मागं तिच्या अब्बांचं, मोहियोद्दीनभाईंचं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान. शिकायला नांदेडला आली, खोली शोधायला निघाली, आणि तिथून तिची ती प्रसिद्ध गोष्ट सुरू व्हायची.

"खोली रिकामी हाय का मावशी?" "हाय की! पाणी चोवीस तास. नाव काय गं तुझं?" नाव सांगितलं की मावशीचा चेहरा कसा पडायचा, मग आतून मुलाला कशी खोटी हाक मारायची आणि "अगं बाई, आत्ताच गेली बघ" हे किती गोड आवाजात म्हणायची, ते सगळं कहकशां हुबेहूब करून दाखवायची. पोरं आधी पोट धरून हसायची, मग एकमेकांकडं बघून गप्प व्हायची. तेवढ्यात ती शेवट सांगायची. उज्वलाला त्याच गल्लीत खोली मिळाली होती, सामानसुद्धा लावून झालं होतं. पण मैत्रिणीला नाही म्हटल्याचं कळल्यावर तिनं बॅग उचलली आणि रस्त्यावर येऊन उभी राहिली. "हिला न्हाई तर मला बी नको." दोघी मिळून दुसरीकडं राहिल्या. टाळ्या ठरलेल्या असत, आणि त्या खऱ्याच असत.

ही उज्वला म्हणजे मंडळाची प्रमुख, आणि रेणापूरच्या शेषेरावांची लेक. त्या वर्षीचं शिबिर तिनं वडिलांच्या शेतावर ठरवलं, तेही नेमकं येळवसेला. विषय होता समता. आपल्याला आयतं काय मिळालं, आणि दुसऱ्याला ते का मिळालं नाही, हे ज्यानं त्यानं खरं खरं बोलायचं.

हदगावकडची पोरं विचारायची, येळवस म्हणजे काय? आता लातूरच्या माणसाला हे विचारणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवण्यासारखं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आख्खा जिल्हा शेतात जेवतो. बाजार ओस, कचेऱ्या ओस. शेतात कडब्याची कोप उभी करतात, म्हणजे पेंढ्या उभ्या करून बांधलेलं खोपट. आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, आणि मग भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खिचडा, गव्हाची खीर, माठातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. येळवसेला लातुरात कुणी घरात जेवत नाही, असं अभिमानानं सांगतात.

एसटीत बसतानाच उज्वलानं नियम सांगितला. "शिबिरात आडनाव लावायचं न्हाई. आडनाव नांदेडलाच ठिवून यायचं."

"तुमचं बरंय," कहकशां म्हणाली. "माझं तर पयलं नावच आडनावाचं काम करून ठेवतंय. मी काय ठेवू नांदेडला, माझी मुंडी?"

गाडी हसली. जळकोटचा आनंदराज मात्र मागून म्हणाला, "नावाचं सोड. जागेचं काय करता ते बघू." तो मंडळात त्याच वर्षी आलेला, बोलायला तिखट, आणि कहकशांच्या गोष्टीला टाळ्या वाजवून झाल्यावर "पुढं?" असं विचारणारा एकटाच. त्यामुळं कहकशांला तो आवडत नसे. ती ते लपवतही नसे.

येळवसेच्या सकाळी शेतात छान थंडी होती. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यावर. कोपीच्या अलीकडं चिंचेखाली सतरंजी टाकून उज्वलानं सगळ्यांना गोल बसवलं. "प्रत्येकानं दोन दारं सांगायची. एक, तोंडावर लागलेलं. दुसरं, न ठोठावता उघडलेलं."

पहिलं दार सगळ्यांनी झटपट सांगितलं. दुसऱ्यापाशी मात्र पोरं अडखळली. न ठोठावता उघडलेलं दार माणसाला दार वाटतच नाही, ही त्यातली मेख. कहकशांची पाळी आली तेव्हा ती अडखळली नाही. तिनं कोपीकडं बोट केलं.

"ते माझं दुसरं दार. एका ईदला शेषेरावकाकांची मोटार जळाली. गहू पाण्यावाचून वाळत चाललेला. अब्बांनी शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवली, दुकान उघडलं, मोटार भरून दिली. त्या वर्षीपासून येळवसेला काका आम्हाला बोलावतात. मी चालायला लागायच्या आधीपासून त्या कोपीत जेवतेय. अब्बा पार आत, पांडवांशेजारी बसतात. आणि या घरची रीत अशी, की पाहुण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय काका घास घेत न्हाईत. आख्खी पंगत माझ्या अब्बांच्या घासासाठी थांबते. नांदेडच्या मावश्यांना कुणीतरी सांगा हे!"

टाळ्या पडल्या. उज्वलाचे डोळे भरून आले.

"पुढं?" आनंदराज म्हणाला.

"पुढं काय? संपलं."

"ती बाई कोन हाय?" त्यानं बांधावरच्या बाभळीकडं मान केली. बाभळीखाली एक म्हातारी पाय पसरून बसली होती, बाजूला रिकामा डबा, डोक्यावर पदर.

"भामाबाई," उज्वला म्हणाली. "आमच्याकडं कामाला असतात. आजीच्या वेळंपासून. कोप त्याच बांधतात."

"मग जेवतात बी तिथंच?"

"त्यांना तिथंच आवडतं. ऊन लागतं ना."

"हो, त्यांना तिथंच आवडतं," कहकशांनंही म्हटलं. तिनं हे वाक्य लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की ते तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

आनंदराज हसला नाही की चिडला नाही. "मी माझं दुसरं दार सांगतो," तो म्हणाला. "आमच्याकडं बी येळवस असते. आमची वस्ती गावाच्या त्या अंगाला. दुपारी शेतातनं डबे येतात. भज्जी येते, खीर येते. लई येते, पोट फुटंस्तोवर. बोलावनं येत न्हाई. भज्जी पाठवायची असते आन माणसाला बोलवायचं असतं, यातला फरक मला लई दिवस कळला नव्हता. आता एवढंच सांगा, त्या बाईला ऊन आवडतं हे त्यांना कुनी इचारलंय का?"

कहकशांचं तोंड कडू झालं. राग आला, आणि राग आनंदराजचा नव्हता हे तिला कळत होतं, म्हणून जास्तच आला. ती उठली. "मी इचारून येते," म्हणाली आणि ताडताड बांधाकडं निघाली. या पोरीचं एक बरं होतं, चूक टोचली की ती खाजवत बसत नसे.

भामाबाई तिला जन्मापासून ओळखत होती. "ये गं तारवाल्याची. थोराड झालीस की."

कहकशां तिच्या शेजारी मातीतच बसली. आडपडदा तिला जमत नव्हताच. "भामाबाई, तुम्ही आत का जेवत न्हाई?"

"अन् हे आज सुचलं व्हय तुला?" म्हातारी हसली. "आत कुनी बोलावलं तर जेवंन. इतकी वर्सं कोप मी बांधते, पेंढी अन् पेंढी माझ्या हातची. पूजा झाली की मी भाईर. मालकीन सिंधुबाई ताट पाठिवते, भरून पाठिवते, खोटं कशाला बोलू. पर कोपीत बसून जेवताना कसं वाटतं, ते मला न्हाई ठाव."

कहकशांच्या डोळ्यांपुढं एकदम ती सगळी वर्षं आली. ती आत बसून खिरीची वाटी चाटत होती, आणि कडब्याच्या फटीतून ही बाभळ दिसत होती. दिसत होती, पण तिनं पाहिली नव्हती. शरमेनं तिचे कान तापले.

"मग आज मी इथंच जेवणार," ती म्हणाली. "तुमच्याशेजारी."

"अन् त्यानं काय व्हईल?" भामाबाईनं विचारलं. "ह्या बाभळीला सावली केवढी, त्यातली अर्धी तू घेशील. तुझे सोबती फोटू काढतील. तू उद्या नांदेडला जाशील, मी फुडल्या येळवसेला हितंच. मला भाईर सोबत नको गं बाय. मला आत जायचंय."

कहकशांनं वळून कोपीकडं बघितलं.

"बोलायचं असंल तर आत बोल," म्हातारी पुढं म्हणाली. "अन् माझं नाव सांगून बोलू नको. भामीला मस्ती आली म्हनतील, उद्या खुरपं हातातनं जाईल. तुला आत बसवत्यात न्हवं? मग तुझ्या तोंडानं, तुझ्यासाठी माग. हिंमत हाय का?"

हिंमतीची कहकशांला कधी वाण नव्हती. तेवढ्यात रस्त्यावरून स्कूटर वळताना दिसली. अब्बा आले होते, टोपी नवी, हातात मिठाईचा पुडा. ती धावत गेली आणि स्कूटर लावायच्या आतच त्यांना सगळं सांगून मोकळी झाली.

मोहियोद्दीनभाईंनी पुडा या हातातून त्या हातात घेतला. "नक्को बेटा," ते हळू म्हणाले. "तेरी बात सही है. लेकिन देख, कितने दरवाजे बंद हुए, तूच बताती ना सबको? ये एकच खुला है. शेषेराव जैसा आदमी मिलता नहीं. दुसरे के वास्ते बोलने जायेगी, अपनी जगा भी जायेगी. फिर?"

अब्बा घाबरून बोलत नव्हते, अनुभवानं बोलत होते. ती जागा त्यांनी कधी मागितली नव्हती. म्हणून तर ती त्यांना जिवापलीकडं प्यारी होती. आणि ती गेली तर एकट्या अब्बांची जाणार नव्हती. उज्वलाही जाणार होती. जी मैत्रीण तिच्यासाठी रस्त्यावर आली, तिच्या वडिलांना तिच्याच शेतात, चारचौघांत बोलायचं?

"फिर बी बोलेगी तू," अब्बा तिच्याकडं बघत म्हणाले. "मेरेकू मालूम है."

"हौ, अब्बा."

पूजा झाली. पोरांनी आंबील शिंपडत, ओरडत ज्वारीला फेरी मारली. मग शेषेरावांची ती गडगडाटी हाक आली, "चला रे चला! मोहियोद्दीनभाई, या. जागा धरून ठिवलीय तुमची."

कोप मोठी होती, दाटीवाटीनं सगळे बसले. पांडवांशेजारी अब्बा, त्यांच्या बाजूला शेषेराव, समोर शेजारचे शेतवाले मन्मथअण्णा, शेषेरावांचे चुलतभाऊ, गळ्यात सोन्याची साखळी आणि तोंडात कायम सल्ला. सिंधुकाकू आणि उज्वला, दोघी मायलेकी, वाढत होत्या. पत्रावळी भरल्या. आनंदराज दारापाशी उभा होता, बसला नव्हता. सगळे अब्बांकडं बघू लागले. अब्बांनी उंडा उचलला.

"काका," कहकशां उभी राहिली. "मला एक मागायचंय."

"माग की पोरी! येळवसेला कुनी मागितलं अन् शेषेराव न्हाई म्हनला, असं व्हतं व्हय?"

"भामाबाईंना आत बोलवा. आपल्यासंगं जेवायला."

सिंधुकाकूंची आंबिलीची पळी पातेल्यातच राहिली.

"काय म्हनली ही?" मन्मथअण्णांनी शेषेरावांना विचारलं, जणू ती तिथं नव्हतीच. "ह्याच्यासाठी पोरी नांदेडला ठिवल्या का? घराची रीत हाय, बापजाद्यांची. आन हिनं शिकवावं? हिला आत घेतलं हेच लई झालं."

घ्या! इतकी वर्षं अब्बा ज्या जागेला जपत होते, तिची खरी किंमत अण्णांनी एका दमात सांगून टाकली. अब्बांची मान खाली गेली. शेषेराव मात्र लालबुंद झाले. "अण्णा, माझ्या पाहुण्याला बोलायचं काम न्हाई," ते गरजले, आणि मग त्याच आवाजात कहकशांकडं वळले. "आन तू गं? तुला कधी भाईर बसवलं का मी? कधी दुजाभाव केला? सांग सगळ्यांम्होरं!"

"कधीच न्हाई केला, काका." ती त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "तुम्ही मला आत बसवलंत म्हणूनच मला हे बोलता येतंय. बाहेर बसलेल्या माणसानं हेच मागितलं असतं तर तुम्ही त्याला मातला म्हणाला असतात. मी मागितलं तर फक्त रागावलात. एवढी माझी किंमत तुम्हीच केलीय. ती आज वापरू द्या मला."

मग ती उज्वलाकडं वळली. हे बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. ते आतून आलं. "उजू, तू माझ्यासाठी खोली सोडून रस्त्यावर आलीस. मी ती गोष्ट सगळ्यांना सांगते, टाळ्या घेते. पण एक कधी सांगितलं न्हाई. तू बाहेर आलीस याचं मला बरं वाटलं गं, लई बरं वाटलं. पण मला तू बाहेर यायला नको होतीस. मला आत जायचं होतं. तू त्या बाईला म्हणायला पाहिजे होतं, हिला आत घ्या. ते कुणीच म्हणालं न्हाई."

उज्वलाचा चेहरा पांढरा पडला. लागलं तिला, चांगलंच लागलं. तिनं भज्जीचं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले. आता ही रडते की भांडते, असं सगळ्यांना वाटलं.

"बाबा," ती म्हणाली, "भामाबाईंना ऊन आवडतं म्हणून मी सकाळी सगळ्यांना सांगितलं. आजी सांगायची तसंच. मी त्यांना कधी इचारलं न्हाई. तुम्ही इचारलंय?"

शेषेरावांनी नजर पत्रावळीकडं वळवली.

"मी जाऊन बोलवू का?" सिंधुकाकू हळूच म्हणाल्या.

"न्हाई आई. येळवसेचं बोलावणं मालकानं करायचं असतं. हीच रीत हाय ना अण्णा, बापजाद्यांची?"

अण्णा फणकाऱ्यानं उठले. "ती आत आली तर मी ह्या कोपीत पानी बी पिनार न्हाई, शेषेराव. इचार कर." आणि ते दाराशी जाऊन थांबले. भाऊ हाक मारेल म्हणून थांबले होते, हे पोरासोरांनाही दिसत होतं.

शेषेरावांनी भावाकडं बघितलं, मग पाहुण्याकडं. मोहियोद्दीनभाईंनी हातातला उंडा पत्रावळीवर परत ठेवला. आयुष्यात कुणाला दुखवलं नाही असा हा माणूस.

"शेषेराव," ते म्हणाले, "भूक तर लई लागलीय बघा. पर घास उतरंना. ती बाई आत आली तरच उतरंल."

माणूस एका पंगतीत बदलत नाही, आणि शेषेरावही बदलले नव्हते. पण त्यांच्या कोपीतून पाहुणा उपाशी उठणं हे त्यांच्या रक्तात नव्हतं. ते "हं" म्हणाले, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि अण्णांच्या बाजूनं वाकून दारातून बाहेर पडले. अण्णा आपल्या शेताकडं चालायला लागले. शेषेरावांनी हाक मारली नाही.

सगळे कडब्याच्या फटींतून बघत होते. शेषेराव बाभळीपाशी पोचले. "भामे..." नेहमीच्या सवयीनं आलेली हाक त्यांनी अर्ध्यावर गिळली. घसा खाकरला. "भामाबाई. चला. आत जेवायला चला."

भामाबाईनं वर बघितलं. घाई केली नाही. "आले की," म्हणाली. मग पाण्याच्या माठापाशी जाऊन हात धुतले, पाय धुतले, चूळ भरली, पदर सारखा केला. तेवढा वेळ मालक उन्हात उभा राहिला. आनंदराजनं दारातून बाजूला होऊन वाट दिली, आणि तिच्या मागोमाग तोही आत आला.

ती दाराजवळच टेकणार होती. "हितं नव्हं, इकडं या," म्हणत मोहियोद्दीनभाई सरकले आणि पांडवांशेजारची जागा मोकळी केली. सिंधुकाकूंनी नवी पत्रावळ मांडली, आंबील वाढली. त्यांचा हात थोडा अडखळला, पण वाढलं. शेषेराव आपल्या जागी येऊन बसले. मग सगळे थांबले. रीत होती ना, पाहुण्यानं आधी.

आख्खी पंगत भामाबाईच्या घासासाठी थांबली.

भामाबाईनं आंबिलीचा घोट घेतला. तोंडात घोळवला. सिंधुकाकूंकडं बघितलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

सिंधुकाकू दचकल्याच. पळीतली आंबील हातावर घेऊन चाखली. "खरंच की गं बाई! अन् दर वर्षी अशीच करते मी. एवढ्या वर्सांत कुनी बोललं न्हाई."

"मी जानून व्हते," भामाबाई म्हणाली. "पर पाठिवलेल्या ताटाला नाव ठिवता येत न्हाई."

मिठाची वाटी शेषेरावांच्या पुढ्यात होती. त्यांनी ती उचलून तिच्याकडं सरकवली. भामाबाईनं चिमूटभर मीठ घेतलं, आंबिलीत बोटानं हलवलं, पुन्हा चाखलं, आणि बरं लागल्यावर उंडा मोडून पहिला घास घेतला. मग सगळे जेवायला लागले.